अभ्यासक्रमाचे पहिले पान

एका तरुण शिक्षकाने आपल्या नव्या वर्गाची अभ्यासक्रम-पत्रिका नुकतीच मला वाचायला दिली. सेकंडरीची परीक्षा देऊन पुढे मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी हा वर्ग आहे. आपल्या बेटावर कॉलेज म्हटले की सेकंडरी शाळाच डोळ्यांपुढे येते, म्हणून आधीच सांगतो, मी बोलतो आहे ते त्याच्या वरच्या वर्गाबद्दल. पत्रिका वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. मग उठून जुन्या फाइली काढल्या आणि १९९८ साली मीच तयार केलेली एक पत्रिका शोधून त्याच्यापुढे ठेवली. दोन्ही कागदांत पंचवीसहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हींची पहिली पाने जवळजवळ सारखीच निघाली. तो हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण माझ्या त्या पानाची किंमत कोणी दिली हे मला ठाऊक आहे.

माझ्या पानावर नऊ नियम होते. पहिला नियम असा : "ज्यांना देवनागरी सफाईने वाचता येत नाही त्यांनी या वर्गात प्रवेश घेऊ नये." तिसरा : "तीन वेळा गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी केले जाईल." पाचवा : "वर्गात मराठीखेरीज अन्य भाषा बोलू नये." सगळे पुण्याच्या छापील पुस्तकातल्या मराठीत, जोडाक्षरांनी भरलेले. ज्या मुलाला हा कागद सर्वांत जास्त कळायला हवा होता, त्यालाच तो वाचता येणार नव्हता. पहिला नियम समजण्यासाठी आधी पहिला नियम पाळलेला असावा लागत होता! त्या वेळी मला यात काहीच विचित्र वाटले नाही. शिस्त म्हणजे मराठीचा मान राखणे, अशी माझी समजूत होती.

वर्गात अठरा मुले आली. पहिल्या आठवड्याचा गृहपाठही पत्रिकेतच छापलेला होता : निबंध, विषय "आमच्या घरचा गणपती". आपल्या समाजातल्या मुलांना याहून सोपा आणि जिव्हाळ्याचा विषय कोणता असणार, असे मला वाटले. सतरा मुलांनी दीड-दोन पाने लिहिली. एका मुलीने दोनच वाक्ये लिहिली : "आमच्या घरी गणपती नाही. मी शेजारी जाते." तिचे वडील मराठी घराण्यातले, आई क्रेओल कॅथॉलिक, आणि ती वाढली आईच्या आईकडे. तिने खरे तेच लिहिले होते, व्याकरणही निर्दोष होते. मी त्याखाली लाल शाईने "फारच त्रोटक" असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले. ती आणखी दोन आठवडे आली, नंतर आली नाही. तिसऱ्या गैरहजेरीला मी नियमाप्रमाणे तिचे नाव कमी केले.

यात कोणत्याही संस्थेचा दोष नव्हता. पत्रिका माझी होती, विषय माझा होता, लाल शाईही माझीच.

आता कोणी म्हणेल, एक मुलगी गेली, सतरा राहिली, त्यात एवढे काय? पण वाचकहो, आपला समाज या बेटावर केवढा आहे ते आपण जाणतोच. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा अशा भागांतून मुंबई बंदरामार्गे आपले पूर्वज इथे आले, ते उत्तर भारतातून आणि मद्रास इलाख्यातून आलेल्यांच्या मानाने थोडेच होते. १८३४ नंतर जे सुमारे साडेचार लाख गिरमिटिये आले त्यांत आपला वाटा लहान. उच्च वर्गात मराठी घेणारी मुले त्याहून थोडी. तिथे अठरातली एक जाणे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय सतरा राहिली त्यांतल्या किती जणांनी गणपतीचा निबंध मोठ्या भावाच्या वहीतून उतरवला होता, हे मी कधी विचारले नाही.

२०११ च्या जनगणनेत भाषेविषयी दोन वेगळे प्रश्न होते, एक घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा आणि दुसरा पूर्वजांच्या भाषेचा. आपल्यापैकी बहुतेकांनी दुसऱ्या प्रश्नाला मराठी लिहिले आणि पहिल्याला क्रेओल. यात लाजण्यासारखे काही नाही, ती वस्तुस्थिती आहे. पण आमच्या अभ्यासक्रम-पत्रिका अजून असे धरून चालतात की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. मूल घरून मराठी घेऊन येईल आणि आम्ही तिला फक्त पॉलिश करू, असा तो हिशेब. असे मूल आज क्वचितच येते. येतो तो मुलगा प्राथमिक शाळेपासून मराठी "विषय" म्हणून शिकलेला असतो, प्रश्नोत्तरे पाठ केलेली असतात, आणि आजी वारल्यापासून घरात मराठी वाक्य ऐकू आलेले नसते. कोणाच्या घरी भोजपुरी चालते, कोणाच्या घरी आई तमिळ. कधीकधी मराठी रक्ताचा एकही थेंब नसलेला, निव्वळ आवडीने आलेला विद्यार्थीही असतो, आणि त्याला आम्ही वर्षभर "तू कसा काय इकडे?" असे विचारत राहतो.

मग पहिले पान कसे असावे? मी त्या तरुण शिक्षकाला जे सांगितले तेच इथे लिहितो.

आधी भाषेविषयी. पहिले पान साध्या, लहान वाक्यांच्या मराठीत असावे, आणि त्याखाली तेच इंग्रजीत किंवा क्रेओलमध्ये असावे. यावर आपल्या काही ज्येष्ठ मंडळींचा संताप मला आत्ताच ऐकू येतो. मराठीच्या कागदावर क्रेओल! पण क्रेओल २०१२ पासून आपल्या प्राथमिक शाळांत विषय म्हणून शिकवली जाते, आणि त्यामुळे कोणाची फ्रेंच किंवा इंग्रजी बुडालेली नाही. सूचना कळणे ही एक गोष्ट आणि भाषा शिकणे ही दुसरी. परीक्षा कधी, गुण कसे, अडले तर शिक्षक कुठे भेटतील, हे मुलाला पहिल्या दिवशी शंका न राहता कळले पाहिजे. बाकीचे वर्षभर मराठीत चालू द्या.

दुसरे, मूल काय घेऊन आले आहे ते मोजा. काय आणले नाही ते आम्ही नेहमीच मोजतो. माझ्या जुन्या पाचव्या नियमाने मी मुलांच्या हातातले सर्वांत चांगले हत्यार काढून घेतले होते. एक उदाहरण देतो. मराठीचा भूतकाळ आमच्या मुलांना फार छळतो. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. खाणारा एकच, आणि क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. क्रेओल बोलणाऱ्याला हे अघटित वाटते, कारण त्याचे क्रियापद कोणासाठीच बदलत नाही : मो ती मांझे, मो पे मांझे, मो पू मांझे. काळ पुढच्या छोट्या शब्दात असतो आणि मांझे आपले जागच्या जागी. मी वर्षानुवर्षे हे फळ्यावर तक्ते काढून घोकून घेत होतो. आणि याच मुलांनी फ्रेंचच्या तासाला असाच एक नियम शिकलेला असतो. "जो आंबा मी खाल्ला" असे फ्रेंचमध्ये लिहिताना आंबा क्रियापदाच्या आधी आला, की क्रियापदाच्या रूपाला त्याच्यासाठी एक मुके अक्षर जोडावे लागते, कारण आंबा तिथे स्त्रीलिंगी. त्या अक्षरासाठी या मुलांनी फ्रेंचच्या मास्तरांचा मार खाल्लेला असतो. दोन्ही भाषांत क्रिया कर्माकडे बघते, एवढे सांगितले तरी अर्धा वर्ग मान वर करतो. फ्रेंचमध्ये आंबा बाई आणि आपल्याकडे बुवा, यावर हशाही होतो. लिंगाचेही तसेच. टेबल फ्रेंचमध्ये स्त्री, मराठीत नपुंसक, आणि क्रेओलने तर फ्रेंचचा उपपद शब्दातच गिळून "लाताब" करून टाकला. या गोष्टी अभ्यासक्रमात लिहून ठेवायला हव्यात, शिक्षकाच्या लहरीवर सोडायला नकोत. माझे मत असे की भूतकाळाला पत्रिकेत पूर्ण एक महिना नेमावा आणि शेजारी स्पष्ट लिहावे, "हा भाग सर्वांनाच कठीण जातो, तुम्हालाही जाईल." हे एक वाक्य मुलाला काय देते, ते ज्याला वर्गात आपण एकटेच मठ्ठ आहोत असे वाटले आहे त्याला विचारा.

तिसरे, पुस्तकांची यादी. आमच्या याद्या मुंबई-पुण्याहून आलेल्या असतात. चाळ, वाडा, लोकल गाडी, ही दुनिया आमच्या मुलांना लंडनइतकीच परकी. मी ती काढून टाका म्हणत नाही, परके वाचायलाही शिकले पाहिजे. पण दोन-तीन पुस्तके अशी असावीत ज्यांत या बेटावरच्या मुलाला कुठेतरी आपला चेहरा दिसेल. लक्ष्मीबाई टिळकांचे "स्मृतिचित्रे" मी आज पहिल्या वर्षाला लावीन. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, घर दुभंगले, आणि पुढे त्या स्वतःही त्या धर्मात गेल्या. पुस्तक १९३० च्या दशकात आले. शाळेत न गेलेल्या बाईचे ते मराठी, बोलल्यासारखे सरळ. एका घरात दोन धर्म कसे नांदतात, भांडतात, पुन्हा जेवायला एकत्र बसतात, हे आमच्याकडच्या कितीतरी घरांना वेगळे शिकवावे लागत नाही. १९९८ साली मी हे पुस्तक लावले असते, तर त्या मुलीला दोनच वाक्ये लिहावी लागली नसती.

यादीत बहिणाबाई चौधरी हव्यात. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून घेतल्या आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या छापल्या गेल्या. ज्यांच्या आजीला सही येत नव्हती पण गाणी शंभर येत होती, त्या मुलांना ही गोष्ट कळली पाहिजे. आणि दया पवारांचे १९७८ चे "बलुतं"ही हवे. जहाजातून उतरलेल्या माणसाच्या नोंदीत जात हाही एक रकाना होता. बेटावर आल्यावर आपण तो रकाना पुसला असे आपण म्हणतो. पूर्ण पुसला की नाही, हे लग्नाच्या बोलण्यांत कळते. वर्गात त्यावर वाचायला मिळाले तर बरेच.

त्या नोंदवह्यांचे तर आपण सोनेच केलेले नाही. गिरमिटियांच्या आगमनाच्या नोंदी मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत : क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, गाव, जिल्हा, जहाज. महाराष्ट्रातल्या पुस्तकात "तुझे आडनाव काय, ते कशावरून पडले?" असा सोपासा स्वाध्याय असतो. आमच्या मुलापुढे तो ठेवला की तो गोंधळतो, कारण त्याचे आडनाव म्हणजे पणजोबाचे पाळण्यातले नाव. सखाराम, धोंडू, राघो असे काहीतरी, ऐकणाऱ्या कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे रोमन लिपीत चढवलेले. महाराष्ट्राच्या फूटपट्टीने ते चुकीचे आडनाव ठरते. इथल्या फूटपट्टीने तो एक दस्तऐवज आहे. ते नाव मूळ देवनागरीत कसे लिहिले जात असेल, कोणता वर्ण गळाला, कोणता वाढला, ळ चा ल कसा झाला, हा पदवीच्या वर्गाला शोभणारा ध्वनिशास्त्राचा अभ्यास आहे. आणि यात मराठी नसलेला विद्यार्थीही बरोबरीने बसू शकतो. त्याचेही पूर्वज कलकत्ता किंवा मद्रासहून आलेले असतील, तर त्यांची नावेही त्याच वह्यांत आहेत आणि कारकुनाने त्यांचीही तीच गत केली आहे.

झाकरीचेही तसेच आहे. गणपतीत आपण ती नाचतो, टाळ्या घेतो, फोटो छापून येतो. पण कोकणातली जाखडी आणि आपली झाकरी यांत शब्द कोणते राहिले, कोणते झिजले, गाणाऱ्याला अर्थ कळतो की नुसता ताल, हे तपासायला अभ्यासक्रमात जागा नाही. भोजपुरी बायांच्या गीत-गवईला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्यामागे गावोगावच्या स्त्रियांची मेहनत होती आणि शब्द टिपून घेणाऱ्यांचीही. आपल्याकडे टिपून घ्यायला विद्यार्थी आहेत, आणि आपण त्यांना निबंध लिहायला सांगतो "वर्षा ऋतू".

इथे एक सावधगिरी. "आजोबांकडून झाकरी लिहून आणा" असा गृहपाठ दिला, की पुन्हा माझ्या गणपतीसारखेच होईल. ज्याला आजोबा नाहीत किंवा ज्याचे आजोबा सेगा गातात, तो पुन्हा कोपऱ्यात. म्हणून पत्रिकेत लिहावे : "तुमच्या घरच्या किंवा गावच्या कोणाही वडीलधाऱ्याकडून, कोणत्याही भाषेतले एक गाणे ऐका, आणि त्याविषयी मराठीत लिहा." मराठी तर तितकीच लिहावी लागते.

गुणांबद्दल मात्र मला सवलत मान्य नाही. अशा पत्रिकेने दर्जा घसरेल असे म्हणणारे भेटतात. मी त्यांना विचारतो, शेवटची परीक्षा तीच आहे, उत्तरपत्रिका तीच आहे, मग घसरते काय? फक्त वर्षाअखेरीला कळणारी गोष्ट मुलाला पहिल्या दिवशी सांगितली जाते. निबंधाला दहा गुण असतील तर कशाला किती ते छापा : मजकूर, व्याकरण, शुद्धलेखन. मी दिलेल्या त्या चार गुणांचा हिशेब आज मला कोणी विचारला तर देता येणार नाही. "त्रोटक" म्हणजे किती ओळींच्या आत, हे मी कुठेच लिहिले नव्हते.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगतो. अक्षर मोठे असावे; ज्याची नजर अधू आहे त्याने मागण्याआधीच. कोणाला ऐकण्याची, बोलण्याची, चालण्याची काही अडचण असेल तर पहिल्या आठवड्यात एकट्याने येऊन सांगावे, असे एक वाक्य, शिक्षकाच्या भेटीच्या वेळेसह. पुस्तक विकत घेणे परवडत नसेल तर प्रत कुठे मिळेल तेही. २०१९ साली सरकारी संस्थांतल्या पहिल्या पदवीची फी रद्द झाली, पण मुंबईहून मागवलेल्या पुस्तकाचे टपाल कोणी माफ केले नाही. वेळापत्रकात एक आठवडा मोकळा ठेवावा. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत चक्रीवादळाचा इशारा लागतो, वर्ग बंद पडतात, आणि मग उरलेला भाग मुलांच्या डोक्यावर एकदम ओतला जातो. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या, निबंधाची तारीख कोण पाळणार? आणि सुट्ट्यांच्या दिवसांत काव्हादी, महाशिवरात्र, ईद, चिनी नववर्ष, सगळे बघून तारखा घालाव्यात. ग्रां बासेंला चालत जाऊन पाय सुजवून आलेल्या मुलाची दुसऱ्या दिवशी चाचणी घेणे हा मीच केलेला आणखी एक पराक्रम.

हजेरीचा नियम मी त्या तरुण शिक्षकाबरोबर बसून नव्याने लिहिला. अर्धा तास लागला. तो असा झाला : "दर आठवड्याला या. एखाद्या आठवड्यात जमले नाही तर निरोप द्या, चुकलेला भाग कसा भरून काढायचा ते आपण ठरवू. तीनदा न कळवता आला नाहीत, तर मी तुम्हाला फोन करीन." शेवटचे वाक्य त्याला पसंत नव्हते. मी कोणाकोणाला फोन करत बसू, असे तो म्हणाला. तुझ्या वर्गात फार तर वीस मुले, मी म्हणालो. मी १९९८ मध्ये एक फोन केला असता तर पुरे झाले असते.

आपल्या जुन्या बैठकांची आठवण होते. गावातल्या बैठकीत छापील अभ्यासक्रम नव्हता. उसाच्या शेतातून आलेला माणूस पाय धुऊन बसे, शेजारचे पोर पाटी घेऊन बसे, कंदिलाच्या उजेडात दोघे एकच अक्षर गिरवत. त्यांतून फार मोठे विद्वान निघाले असे मी म्हणणार नाही, आणि बैठकीचे उगाच गोडवे गाणेही मला पटत नाही. तिथेही छडी होती. पण तू आत कशाला आलास, असे मात्र तिथे कोणी विचारत नसे.

१९९५ साली प्राथमिकच्या परीक्षेत आपल्या भाषांचे गुण धरावेत की नाही, या प्रश्नावर संसदेत घटनादुरुस्ती फसली, निवडणूक लागली आणि सरकार बदलले. आम्ही त्या वेळी सभांतून तावातावाने बोललो होतो. गुण धरायचे ते कोणत्या पानावरून, हे मात्र त्या सगळ्या गदारोळात आम्ही एकमेकांना विचारले नाही.

ती मुलगी मला काही वर्षांपूर्वी क्वात्र बोर्नच्या बाजारात भेटली. आता तिची मुलगी प्राथमिक शाळेत आहे. तिने मला ओळखले, "बोंझूर, गुरुजी" म्हणाली. मुलगी कोणती भाषा घेते, असे मी विचारले. अजून ठरवले नाही, ती म्हणाली, आणि भाजी निवडू लागली. तिला त्या चार गुणांची आठवण आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

माझी जुनी पत्रिका आणि आम्ही दोघांनी मिळून केलेली नवी, अशा दोन्हींच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. ज्या शिक्षकांचे नवे वर्ग सुरू होणार आहेत त्यांनी या पानाच्या संपादकांमार्फत निरोप द्यावा, म्हणजे पाठवीन. जुनीही अवश्य मागून घ्यावी. नवी कशासाठी केली ते तीच सांगेल.